इंजिन बांधून आलं, तरी ऑइल गळतंय? आधी जागा शोधा, मग पाना उचला

फुल इंजिन काम करून गाडी घरी येते, आठवड्याभरात खाली काळा ठिपका दिसतो आणि मग चुका सुरू होतात. दिसेल तो बोल्ट आवळला जातो. बाहेरून सिलिकॉन फासलं जातं. शेवटी कोणीतरी ‘पॅकिंग गेलं’ म्हणतं आणि ब्लॉक पुन्हा खाली येतो. एवढं करून ठिपका जागच्या जागी, कारण ऑइल येत होतं हेडवरच्या रॉकरला (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांना) ऑइल नेणाऱ्या पाइपच्या वॉशरमधून आणि बदललं गेलं ब्लॉकखालचं पॅकिंग.

इथे जे लिहिलंय ते कास्ट आयर्न इंजिनच्या जुन्या बुलेट ३५० ला धरून. या गाडीत इंजिनचं ऑइल, क्लचच्या बाजूच्या चेनकेसचं म्हणजे प्रायमरीचं ऑइल आणि गिअरबॉक्सचं ऑइल तीन वेगळ्या कप्प्यांत असतं, त्यामुळे फसायला जागाही तीनपट. स्प्लेंडर, पल्सर किंवा नंतरची युनिट कन्स्ट्रक्शन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये असलेली) बुलेट असेल तरी टप्पे हेच, फक्त तिथे इंजिन, क्लच आणि गिअर यांचं ऑइल एकच असल्यामुळे कोणतं ऑइल गळतंय हा प्रश्न उरत नाही.

शोधायच्या गोष्टी तीन: कोणतं ऑइल, ते कधी गळतं, आणि ओल सगळ्यात वर कुठे आहे. तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत पाना डब्यात राहू द्या.

## तयारी

मेन स्टँडवर गाडी सरळ उभी राहील अशी सपाट जागा हवी. उतारावर किंवा साइड स्टँडवर ऑइल एका बाजूला जातं आणि खोटी साक्ष देतं. याशिवाय मोठा स्वच्छ पुठ्ठा, पांढऱ्या सुती चिंध्या, जुना टूथब्रश, डीग्रीझर, टाल्कम पावडर, चांगली टॉर्च आणि छोटा आरसा. टॉर्क पाना (नट ठरलेल्या जोरानेच आवळणारा) स्वतःचा नसेल तर कोणाकडून मिळेल हे आधी बघून ठेवा. शेवटच्या चाचणीसाठी रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ लागेल, ते कसं वापरायचं हे पुढे आहे.

पावसाळ्यात हे काम काढू नका. ओल्या रस्त्यावर एक फेरी झाली की सगळा माग धुऊन जातो.

## टप्पा १: इंजिन बांधणाऱ्याला नेमके प्रश्न विचारा

‘गळतंय’ एवढंच सांगितलं तर ‘घेऊन या, आवळून देतो’ हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी विचारा: कोणती पॅकिंग नवीन टाकली आणि कोणती जुनीच ठेवली? सिलिकॉन कुठे-कुठे लावलं? क्रँकच्या म्हणजे इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या डाव्या टोकाचं सील बदललं का? तिन्ही कप्प्यांत किती ऑइल भरलं? हेडचं फेसिंग केलं का, म्हणजे ते मशीनवर सपाट करून घेतलं का?

जुनी ठेवलेली वस्तू आणि सिलिकॉन लावलेली जागा या दोन्ही संशयितांच्या यादीत वर. जिथे पॅकिंगवर सिलिकॉन लावावं लागलं, तिथला पृष्ठभाग बहुधा सरळ नव्हता.

## टप्पा २: इंजिन धुवा, आणि खरंच कोरडं करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

इंजिन पूर्ण थंड हवं. कार्ब्युरेटरचं तोंड, ब्रीदरच्या (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीचं टोक आणि पॉइंटचं कव्हर प्लास्टिकने बांधून घ्या. डीग्रीझर मारून टूथब्रशने फिनांमधून, नटांच्या खाचांतून, हेड आणि ब्लॉकच्या सांध्याभोवती घासा. साबणाच्या पाण्याने धुवा, कपड्याने टिपा, उन्हात वाळू द्या.

गॅरेजमध्ये इंजिन डिझेलने किंवा रॉकेलने धुतात. साफसफाईला ते ठीक, शोधाला नाही. डिझेलचा पातळ थर धातूवर राहतो, त्यावर पावडर टाकली की सगळीकडेच ओल दिसते. डिझेल वापरलंच असेल तर त्यावर पुन्हा डीग्रीझर आणि साबण.

सावधान: पेट्रोलने धुऊ नका, आणि गरम इंजिनवर तर मुळीच नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंपही इंजिनवर मारू नका. तो पाणी सीलच्या ओठातून आणि ब्रीदरमधून आत ढकलतो.

बांधलेल्या इंजिनाची एक खास गोष्ट म्हणजे जोडताना सांडलेलं ऑइल. ते स्टडच्या भोकांत, फिनांच्या मुळाशी, इंजिन आणि फ्रेमच्या पट्ट्यांमध्ये साचून राहतं आणि इंजिन तापलं की पातळ होऊन खाली उतरतं. म्हणून धुतल्यावर दहा-पंधरा किलोमीटरची एक फेरी मारा, आलेलं ऑइल पुसा, पुन्हा धुवा. पहिल्या धुण्यानंतर दिसलेला थेंब पुरावा म्हणून धरू नका.

तपासा: पांढरी चिंधी इंजिनच्या पोटाखालून, टॅपेट कव्हरच्या कडेने आणि पुढच्या स्प्रॉकेटच्या मागून फिरवा. ती पांढरीच बाहेर आली तरच पुढे जा.

## टप्पा ३: तिन्ही पातळ्या बरोबर पद्धतीने बघा

जुन्या बुलेटमध्ये इंजिनचं ऑइल क्रँककेसमध्येच ओतलेल्या टाकीत असतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते पंपातून झिरपत क्रँकच्या बाजूला उतरतं. अशा वेळी डिपस्टिक काढली तर ऑइल कमी दिसतं. मालक वरून अर्धा लिटर ओततो. गाडी चालू होते, पंप उतरलेलं ऑइल टाकीत परत आणतो, आता टाकी गच्च भरलेली, आणि जास्तीचं ऑइल ब्रीदरवाटे बाहेर. मागचं चाक ओलं, मालक हवालदिल, आणि दोष पॅकिंगला.

योग्य पद्धत: इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, मेन स्टँडवर काही मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघा. पातळी खुणेच्या वर असेल तर जास्तीचं काढून टाका आणि गळती टिकते का ते आधी बघा. काही गाड्यांचा शोध इथेच संपतो.

प्रायमरीचं ऑइल लेव्हलच्या स्क्रूपर्यंतच हवं. तिथे ‘थोडं जास्त असू दे’ चालत नाही, जास्तीचं सांध्यातून बाहेर येतंच.

आता प्रायमरी आणि इंजिन या दोन्ही पातळ्या तारखेसकट कागदावर लिहा. दोनेकशे किलोमीटरने पुन्हा बघा:

- इंजिनचं कमी आणि प्रायमरीचं जास्त झालं, तर क्रँकच्या डाव्या टोकाच्या सीलमधून इंजिनचं ऑइल प्रायमरीत जातंय. बाहेर दिसणारी गळती प्रायमरीच्या सांध्यातून असली तरी दोष आतल्या सीलचा.
- फक्त प्रायमरीचं कमी झालं, तर चेनकेसचा सांधा, मधला नट किंवा त्याचं वॉशर.
- फक्त इंजिनचं कमी झालं आणि खाली काहीच नाही, तर ती गळती नव्हे. ऑइल जळतंय. सायलेन्सरचा निळसर धूर बघा.

दोन्हीकडे एकाच ग्रेडचं ऑइल असल्यामुळे थेंब बघून फरक कळत नाही. शोध चालू असेपर्यंत प्रायमरीत लाल रंगाचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड भरलं की काम सोपं होतं. अनेक जुने बुलेटवाले ते एरवीही वापरतात. थेंब लाल असेल आणि प्रायमरीची पातळी वाढलेली नसेल तर इंजिनाला हात लावायचं कारणच नाही. गिअरबॉक्सचं ऑइल घट्ट असतं, बोटांत ताणलं जातं, आणि ९० ग्रेडचं असेल तर गंधकासारखा उग्र वास येतो.

## टप्पा ४: ब्रीदर आधी, पॅकिंग नंतर

एक पिस्टन खाली येतो तेव्हा क्रँककेसमधली हवा दाबली जाते. तिला बाहेर जायला वाट हवी. वाट बंद असेल तर हवा सगळ्यात कमजोर सांधा शोधते आणि सोबत ऑइल नेते. आज टॅपेट कव्हर, ते बदललं की उद्या रॉकरची टोपी, परवा टायमिंग कव्हर. गळती जागा बदलत असेल तर ब्रीदरवरच संशय घ्या.

क्रँककेसमधून निघणारी नळी टोकापर्यंत हाताने चाचपा. इंजिन परत चढवताना ती फ्रेमखाली किंवा बॅटरीच्या ट्रेमागे दबलेली असणं फार कॉमन आहे. तिच्यावर डकबिल नावाचा रबरी व्हॉल्व्ह असतो. तो हवा बाहेर सोडतो, आत घेत नाही. काढून स्वच्छ करा आणि इंजिनच्या बाजूने फुंका. हवा गेली पाहिजे. उलट बाजूने फुंका, अडली पाहिजे. रबर कडक झालं असेल, चिरलं असेल किंवा उलटं बसवलं असेल तर नवीन घ्या. पुण्यात नाना पेठेत, तसंच कुठल्याही गावात जुन्या बुलेटचे पार्ट ठेवणाऱ्याकडे मिळतं, आणि सगळ्या दुरुस्तीतली ही बहुधा सगळ्यात स्वस्त वस्तू.

सावधान: ब्रीदरमधून ऑइल उडतंय म्हणून नळीला बोळा किंवा बोल्ट लावू नका. मग सीलच बाहेर येतात.

पिस्टनच्या नवीन रिंगा बसेपर्यंत थोडी जास्त हवा खाली उतरते, म्हणून पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये ब्रीदरला ऑइलचा थोडा ओलावा चालतो. ऑइल भरायची टोपी सैल करून बघितली तर फुसफुस जाणवेल. सिंगल सिलिंडर आहे, ती असणारच. पण आठशे-हजार किलोमीटरनंतरही तिथून जाड धूर येत असेल तर प्रश्न बोअर आणि रिंगांचा आहे. कॉम्प्रेशन तपासून घ्या. बाहेरून कितीही पॅकिंग बदलली तरी ती गळती थांबणार नाही.

## टप्पा ५: गळती कधी होते ते पकडा

पुठ्ठ्यावर गाडीखालची जागा आखा: इंजिनचं पोट, प्रायमरी, गिअरबॉक्स, मागचं चाक. मग तीन वेळा बघा, याच क्रमाने.

रात्रभर उभी. सकाळी पुठ्ठ्यावर डाग असेल तर ऑइल स्वतःच्या वजनाने येतंय. संशयित फक्त ऑइलच्या पातळीखाली असलेले: ड्रेन प्लगची वॉशर, प्रायमरीची खालची कड, गिअरबॉक्सच्या पुढच्या स्प्रॉकेटमागचं सील, क्रँककेसचा मधला सांधा. रॉकर आणि हेड इथे सुटले.

जागेवर चालू. पाच मिनिटं आयडलवर. यात पंपाच्या दाबाखालच्या जागा उघड्या पडतात: रॉकरकडे जाणाऱ्या पाइपचे बॅन्जो बोल्ट (मधून ऑइल जाणारे पोकळ बोल्ट), टायमिंग कव्हर, फिल्टरच्या टोपीचा नट. हवेवर थंड होणारं इंजिन आहे, उभ्या गाडीवर याहून जास्त वेळ चालवू नका. समोर टेबल फॅनही नको, तो ऑइल मागे उडवतो आणि जागा चुकते.

फेरीनंतर. आधी वीसेक मिनिटं सपाट रस्ता, मग जमलं तर चढ. पुण्याकडच्यांना कात्रज आहेच. चढावर इंजिनवर भार येतो, क्रँककेसमधला दाब वाढतो, आणि आयडलवर गप्प असलेली सीलं बोलू लागतात. फक्त फेरीनंतरच गळत असेल तर ब्रीदर पुन्हा बघा, मग सीलं आणि पॅकिंग.

## टप्पा ६: पावडर टाका आणि वर बघा

कोरड्या इंजिनवर टाल्कम पावडर हलकेच झटका. पातळ थर पुरे. वरच्यांपैकी आयडलची आणि फेरीची चाचणी पावडर टाकूनच करा. ओल लागली की पावडर गडद होते. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा गडद ठिपका ही गळतीची जागा. खालचा ओघळ बघायचाही नाही. फेरीत वारा ऑइल मागे ढकलतो, म्हणून फेरीनंतर डाग जिथे आहे त्याच्या पुढे आणि वर शोधा.

वरून खाली, या जागा क्रमाने बघा.

रॉकरच्या टोप्या आणि बॅन्जो बोल्ट. बॅन्जोची तांब्याची वॉशर एकदा दबली की कडक होते. इंजिन उघडताना काढलेली तीच वॉशर परत लावली जाते आणि केसाएवढी फट राहते. ऑइल फिनांवरून उतरतं आणि हुबेहूब हेड पॅकिंग गेल्यासारखं दिसतं. हेड उतरवण्याआधी दोन्ही बॅन्जो कोरडे आहेत याची टॉर्चने खात्री करा.

हेड पॅकिंग. इथे दोन वेगळ्या गळत्या असतात. सांध्याशी काळी, कोरडी काजळी आणि इंजिन चालू असताना ‘टिक-टिक’ असा फुसकारा आला तर जळता गॅस निसटतोय. उजव्या बाजूला, पुशरॉडच्या पोकळीजवळ स्वच्छ ऑइल पाझरत असेल तर खाली परतणारं ऑइल सांध्यातून येतंय. पहिलीत गाडी लगेच थांबवा, जळता गॅस पॅकिंगबरोबर हेडही खातो. दुसरीत आधी थंड इंजिनवर हेडचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आणि क्रमाने तपासा. बांधल्यावर पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर हेड पुन्हा टॉर्क करायचं असतं आणि ते बहुतेक वेळा राहून गेलेलं असतं.

टॅपेट कव्हर. ब्लॉकच्या उजव्या बुडाशी असलेलं, एकाच नटने बसणारं छोटं कव्हर. बुलेटवर मला सगळ्यात जास्त संशय याचाच. गळतं म्हणून आवळतात, आवळलं की मधोमध वाकतं, वाकलं की कडा उचलल्या जातात आणि जास्त गळतं. कव्हर सपाट काचेवर ठेवून चारी कडा टेकतात का बघा. नटाखालची वॉशरही बदला, स्टडच्या आट्यांतून ऑइल येतं.

ब्लॉकखालचं पॅकिंग. इथे दोष असेल तर ओल ब्लॉकच्या बुडाशी चारी बाजूंनी रेषेसारखी दिसते. एकाच बाजूला असेल तर वरून ओघळ आलाय का ते पुन्हा बघा.

प्रायमरी. बाहेरचं कव्हर मधल्या एका नटावर बसतं. रबरी सील जुनं, फुगलेलं असेल तर नट कितीही आवळा, गळणार.

पुढचं स्प्रॉकेट. इथे आधी चेनवरचं ल्युब्रिकंट पुसा. चेनला मारलेलं ऑइल उडून इथेच साचतं, आणि ते बघून गिअरबॉक्स उघडलेला मी पाहिलाय.

## टप्पा ७: तरीही जागा कळत नसेल तर हवेची चाचणी

इंजिन थंड. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकवर वरच्या टोकाला आणा म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील. ब्रीदरच्या नळीवरचा डकबिल काढून तिथे रक्तदाबाच्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ जोडा, सांध्यांना क्लिप लावा. ऑइलची टोपी घट्ट. हळूहळू फुगा दाबत घड्याळावर १०० पर्यंत न्या. हा दाब सुमारे २ पीएसआय होतो, पुरेसा आहे. मग साबणाचं पाणी सांध्यांवर आणि सीलवर मारा आणि बुडबुडे बघा.

सुई हळूहळू खाली येणारच, व्हॉल्व्हच्या गाइडमधून थोडी हवा जाते. आपल्याला बाहेर बुडबुडा कुठे फुटतो तेवढंच हवं. याच वेळी प्रायमरीची भरायची टोपी काढून तोंडावर टिश्यू पेपर धरा. तो हलला तर क्रँकचं सील गेलंय, दुसरा पुरावा नको.

सावधान: पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर थेट जोडू नका. चांगली सीलंसुद्धा जागेवरून उडतील आणि एका गळतीच्या चार होतील.

## टप्पा ८: आता उघडा, पण एकच जागा

एका वेळी एकच गोष्ट दुरुस्त करा आणि पुन्हा टप्पा ५ करा. तीन जागा एकदम उघडल्या तर कोणती चूक होती ते कळत नाही, आणि नवीन चूक घुसली तर तीही कळत नाही.

जुनं पॅकिंग स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, ॲल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा म्हणजे ऑइलसाठी पाट. प्लास्टिकची पट्टी आणि पॅकिंग रिमूव्हर वापरा. छोटं कव्हर वाकलं असेल तर जाड सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यात घासा, पृष्ठभाग सगळीकडे एकसारखा चकाकेपर्यंत. हेडसारखी मोठी वस्तू मशीन शॉपला द्या. कोल्हापूरकरांना उद्यमनगर जवळ आहे, बाकीच्यांनी विश्वासाचा लेथवाला गाठावा.

सिलिकॉन पॅकिंगच्या जागी चालत नाही. आतल्या बाजूला बाहेर आलेला त्याचा दोरा सुटतो आणि ऑइलच्या वाटेत अडकतो. बाहेरची गळती थांबते, आतून पंप उपाशी राहतो. कागदी पॅकिंगला लावायचंच असेल तर न वाळणाऱ्या कंपाउंडचा बोटाने पसरलेला पातळ थर, आणि ऑइलची भोकं मोकळी.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. शाफ्टवर चावीची खाच किंवा स्प्लाइन असेल तर त्यावर पातळ टेप गुंडाळून सील सरकवा, नाहीतर ओठ कापला जातो आणि नवीन सील पहिल्याच दिवशी गळतं. शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर सील थोडं आत-बाहेर बसवून ओठ ताज्या जागी आणा.

बोल्ट काढताना पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून त्या-त्या जागी खुपसून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, कव्हर मात्र सैलच. भोकात ऑइल साचलेलं असेल तर ते टिपून घ्या, नाहीतर बोल्ट आवळताना दाबाने केसिंगला चीर जाते.

तांब्याच्या वॉशर नवीन मिळाल्या तर उत्तम. नाहीतर जुन्या लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, मऊ होतात.

## टप्पा ९: दुरुस्तीनंतरची फेरी

पुन्हा धुवा, पावडर टाका, पुठ्ठा घाला, त्याच तीन चाचण्या. रात्रीची, आयडलची आणि चढाची. तिन्हींत कोरडी राहिली तर पावडर पुसा आणि प्रायमरीत नेहमीचं ऑइल परत भरायचं तर भरा. शंभर किलोमीटरनंतर उघडलेल्या कव्हरचे बोल्ट थंड इंजिनवर एकदा तपासा. तपासा म्हणजे टॉर्क बघा. अजून थोडं आवळून बघण्याची जागा ही नाही, आटे गेले की लेथवाल्याची वाट.

क्रँककेसचा मधला सांधा पाझरत असेल तर बाहेरून इलाज नाही, चेंबर फोडावंच लागतं, म्हणजे क्रँककेसचे दोन भाग वेगळे करावे लागतात. पण निव्वळ ओलसर रेष असेल आणि रात्रभरात पुठ्ठ्यावर थेंब पडत नसेल, तर पुढचं इंजिन काम निघेपर्यंत तिला तशीच ठेवा. रोज थेंब पडत असेल तर पावडरचे फोटो आणि पातळ्यांचा कागद घेऊन बांधणाऱ्याकडे जा. गाडी दाखवण्याआधी कागद दाखवा.